अप्पांचा सविनय अर्ज

आमच्या सोसायटीत अर्ज लिहून देणारा माणूस अशी माझी ओळख आहे. बँकेतली सगळी नोकरी पत्रव्यवहारात गेली. निवृत्तीनंतर ती हौस मी पाण्याच्या दाबाबद्दल महापालिकेला आणि कुंड्यांतून गळणाऱ्या पाण्याबद्दल वरच्या मजल्याला पत्रं लिहून भागवतो. ‘सविनय’, ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ हे शब्द माझ्या हाताला आपोआप येतात. त्यामुळे समोरच्या फ्लॅटमधले अप्पा हातात मोबाइल धरून आले आणि “जरा एक अर्ज लिहायचाय” म्हणाले, तेव्हा मला नवल वाटलं नाही. विषय ऐकल्यावर मात्र मी चष्मा काढून ठेवला.

अप्पांना चलान आलं होतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, मोटारींसाठी ताशी 100ची मर्यादा असलेल्या पट्ट्यात, गाडीचा वेग 111. दंड 2000 रुपये. मेसेज पाहून त्यांना आधी ती फसवणूकच वाटली होती. चलानाच्या नावाखाली ‘एपीके’ फाइल पाठवून खातं रिकामं करणारे हल्ली कमी नाहीत. म्हणून त्यांनी लिंकला हात न लावता ‘महाट्रॅफिक’वर गाडीचा नंबर टाकून पाहिला. चलान खरंच होतं. सोबत फोटोही होता, नंबरपाटी अगदी स्वच्छ. “गाडी आदल्याच दिवशी धुतली होती,” अप्पा म्हणाले.

त्यांची तक्रार वेगाबद्दल नव्हती. ट्रकला मागे टाकताना पाय दाबला गेला, म्हणाले, आणि तो विषय त्यांनी तिथेच संपवला. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. 1978 साली संगम पुलाजवळच्या आरटीओतून परवाना काढल्यापासून आजवर त्यांच्या नावावर एक पैशाचा दंड नाही. लूना झाली, बजाजची स्कूटर झाली, सेकंडहँड फियाट झाली, मग मारुती. सिग्नल तोडला नाही, नो एण्ट्रीत घुसले नाहीत, डहाणूकर कॉलनीच्या गल्ल्यांतसुद्धा उलट्या दिशेने गेले नाहीत. (हे शेवटचं मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. कोथरूडमध्ये याला चारित्र्य म्हणतात.) इतक्या वर्षांच्या वागणुकीला काहीतरी किंमत असेल की नाही? दंड माफ करा, निदान समज देऊन सोडा, एवढंच मागायचं होतं.

ही कल्पना त्यांच्या डोक्यात लेकीने घातली होती. ती मेलबर्नला असते. तिकडे व्हिक्टोरिया राज्यात अशी सोय आहे म्हणे. आधीच्या काही वर्षांत दंड झालेला नसेल आणि वेगाची चूक किरकोळ असेल, तर लेखी विनंती करता येते, आणि दंडाऐवजी नुसती अधिकृत ताकीद मिळते. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये दहा वर्षांची निर्मळ नोंद सवलतीसाठी धरतात. लेकीने स्वतः असं पत्र लिहून सूट मिळवली होती. “आपल्याकडेही असेलच,” ती बापाला म्हणाली. मी तिला फोन करून नीट विचारलं. तेव्हा कळलं, की किरकोळ म्हणजे दहा किलोमीटरच्या आत. अप्पा अकराने पुढे होते. मेलबर्नमध्येही अर्ज फेटाळला गेला असता. हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, “एका किलोमीटरने काय होतंय?” वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी कागद ओढला.

विषय, संदर्भ, महोदय इथवर झरझर आलं. ‘माझी वाहनचालक म्हणून कारकीर्द निष्कलंक आहे’ या वाक्यानंतर बँकेतल्या सवयीने मी विचारलं, “सोबत काय जोडायचं?” इथे आमचं गाडं अडलं. काही घडलंच नाही याचा दाखला कुठून आणायचा? परवाना जोडला तर तो फक्त परवाना आहे एवढंच सांगतो. पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, त्याला डॉक्टरचा कागद लागतो, पण डॉक्टर माणूस गाडी कशी चालवतो ते लिहीत नाही. पोर्टलवर चलानं दिसतात ती गाडीच्या नंबरावर. अप्पांची आत्ताची गाडी काही वर्षांपूर्वीची. तिच्यामागे उभी असलेली लूना, स्कूटर, फियाट यांची कुठल्याच संगणकाला आठवण नाही. शिवाय कॅमेरा नंबरपाटी ओळखतो. स्टिअरिंगवर अप्पा होते, की त्यांचा मुलगा, की वहिनी, हे त्याला ठाऊक नसतं. मी फोटो मोठा करून पाहिला. काचेवर नुसता उजेड होता.

शेवटी अप्पांनी एक कागद शोधून काढला आणि विजयी मुद्रेने पुढे ठेवला. गाडीच्या विम्याची पॉलिसी. तिच्यावर ‘नो क्लेम बोनस’ 50 टक्के लिहिलेला. एक वर्ष दावा केला नाही तर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षी 50, अशी ती शिडी असते. सरळ गाडी चालवल्याबद्दल या देशात पैशांत मोजलं जाणारं बक्षीस मला तरी एवढं एकच दिसलं. तेही खरं म्हणजे गाडी नीट चालवल्याचं नाही, नुकसानभरपाई न मागितल्याचं आहे. तरी सहपत्र क्रमांक एक म्हणून जोडलं.

वहिनी इतका वेळ पोहे परतत होत्या. त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “भक्ती बर्वे गेली तेव्हा काय म्हणाला होतात ते पण लिहा अर्जात.” 2001 सालची गोष्ट. द्रुतगती मार्ग पूर्ण व्हायचा होता, आणि वाईहून प्रयोग करून परतताना त्याच रस्त्यावरच्या अपघातात ही अभिनेत्री गेली. ‘ती फुलराणी’चा तिचा प्रयोग या दोघांनी पाहिलेला. तेव्हा अप्पा पेपर आपटून म्हणाले होते, की या रस्त्यावर वेगाला लगाम घालणारा कुणी नसेल तर हा रस्ता कशाला बांधला. 2012च्या डिसेंबरात अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे तिथेच गेले, तेव्हाही हेच. 2016 साली या जेमतेम 95 किलोमीटरच्या रस्त्यावर 151 माणसं मेली. अपघात कमी करण्याचं काम तिथे त्याच सुमारास जोराने सुरू झालं, आणि 2024च्या जुलैपासून ते कॅमेऱ्यांचं जाळं आलं. म्हणजे अप्पांनी मागितलेला लगाम तेवीस वर्षांनी बसला आणि पहिला हिसका त्यांनाच बसला. अप्पा म्हणाले, “ते मी बेफाम चालवणाऱ्यांबद्दल म्हटलं होतं.” वहिनी म्हणाल्या, “कॅमेऱ्याला कसं कळणार बेफाम कोण ते?” पोहे आले आणि चर्चा थांबली.

माझ्यातला बँकवाला एव्हाना पेटला होता. मी नियम काढून वाचले. 2021 साली केंद्राने मोटार वाहन नियमांत 167-अ घातला आहे. कॅमेऱ्यातून धरलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवली पाहिजे, कॅमेरा असलेल्या पट्ट्याआधी ठळक सूचनाफलक हवा, यंत्राचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं हवं. “यातलं काही चुकलं असेल तर धरू,” मी म्हणालो. अप्पांनी मान हलवली. मेसेज वेळेवर आला होता, फलक त्यांनी स्वतः वाचला होता. आणि मुख्य म्हणजे, “मला पळवाट नकोय हो, मला माफी हवीय.” या माणसाचा अर्ज लिहिणं सोपं नव्हतं.

आम्ही तो अर्ज घेऊन वाहतूक पोलिसांच्या एका कार्यालयात गेलो. तिथल्या हवालदारांनी दोन्ही पानं अगदी मन लावून वाचली. एवढं चांगलं मराठी बऱ्याच दिवसांत वाचलं नाही म्हणाले. मग म्हणाले, “काका, हे चलान शहरातलं नाही, हायवेचं. आणि आमच्याकडचं असतं तरी आम्हाला एक रुपया कमी करता येत नाही. तडजोडीची रक्कम शासनाने ठरवलेली. मशीनमध्ये कलम टाकलं की आकडा तोच येतो.” पूर्वी कर्वे पुतळ्यापाशी मामाने अडवलं तर तो चेहरा बघायचा, “काका, या वयात?” म्हणायचा आणि सोडून द्यायचा. तोच मामा दुसऱ्याला चिरीमिरी घेऊनही सोडायचा, हे अप्पांनी स्वतःच बोलून दाखवलं. एक गेलं तसं दुसरंही गेलं.

“मग विचार कोण करतो?” अप्पांनी विचारलं.

“कोर्ट,” हवालदार म्हणाले. “किंवा लोकअदालत येईपर्यंत थांबा. अर्ध्यात मिटेल.”

कोर्टाचं काय ते विचारायला आम्ही बी विंगमधल्या वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी जे सांगितलं ते मला फार आवडलं. जुन्या कायद्यात पहिल्या वेळी वेगासाठी 400 रुपयांपर्यंत दंड होता आणि पुन्हा केलं तर 1000पर्यंत. 2019च्या दुरुस्तीत हलक्या वाहनाला किमान 1000, कमाल 2000. महाराष्ट्राने ती आधी अडवून धरली होती. तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी फेरविचारासाठी गडकरींना पत्र लिहिलं होतं. शेवटी 2021च्या डिसेंबरात नवे दर लागू झाले, आणि मोटारीसाठी राज्याने वरचं टोक धरलं. म्हणजे दंडाधिकाऱ्यांपुढे गेलात तर फार तर हजारापर्यंत खाली येण्याची मुभा. दुसऱ्यांदा सापडलात तर परवाना जप्त होऊ शकतो. वेगाच्या कलमाखाली पहिल्या वेळी तो होत नाही, त्या कलमाने दिलेली सवलत ती हीच, बाई म्हणाल्या.

“पण नुसती समज देऊन सोडण्याची सोय नाहीच का?”

“आहे की. 1958चा कायदा आहे, अपराधी परिवीक्षा अधिनियम. कलम तीन. आधीची शिक्षा नसेल आणि गुन्हा किरकोळ असेल, तर कोर्ट समज देऊन सोडू शकतं.”

अप्पांचा चेहरा उजळला. “हेच! हेच मी म्हणत होतो.”

“फक्त त्याआधी कोर्टाने तुम्हाला दोषी ठरवावं लागतं.”

अप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे रेकॉर्ड स्वच्छ आहे म्हणून सुटायचं, तर आधी दोषी व्हायचं?” वकीलबाई म्हणाल्या, हो, तसंच. आणि एका चलानासाठी पनवेल की वडगाव, कुठल्या कोर्टात किती खेपा होतील ते मी आत्ता सांगू शकत नाही. चहाला मात्र थांबा.

राहता राहिली लोकअदालत. तिथे प्रकरण मिटलं की मिटलं, त्यावर अपील नाही. वाहतुकीची थकलेली चलानं तिथे सवलतीत निकाली काढतात. हे काही पुण्यापुरतं नाही. कर्नाटकाने 2023च्या फेब्रुवारीत थकलेल्या दंडावर सरसकट निम्मी सूट दिली. तेलंगणाने 2022 साली दुचाकींना 75 टक्के दिली. वसुली होत नाही, आकडा फुगत जातो, मग सरकार निम्म्यावर येतं. पण यांत कुठेही, अगदी कुठेही, सूट देताना ‘याआधी किती वेळा?’ असं कुणी विचारत नाही. पाच वेळा सिग्नल तोडून पाच वर्षं गप्प बसलेल्याला निम्मं. मेसेज आल्याच्या दिवशी भरणाऱ्याला पूर्ण. अप्पांची निर्मळ नोंद कुठल्याच रकान्यात बसत नव्हती, थकबाकी मात्र बसत होती. बँकेत कर्ज बुडवणाऱ्यांची एकरकमी तडजोड मी याच हातांनी मंजूर केली आहे, आणि नियमित हप्ते भरणारे खातेदार काउंटरवर येऊन काय बोलायचे तेही ऐकलं आहे. त्यांना द्यायला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

मी अप्पांना व्यवहाराचं सांगितलं: थांबा, हजार वाचतील. त्यांनी त्याच संध्याकाळी माझ्यासमोर यूपीआयवर दोन हजार भरले, पावती काढली आणि विम्याच्या पॉलिसीमागे टाचली. माझ्या अर्जाची प्रत परत मागून घेतली. त्यात दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकल्याचंही सांगितलं.

तरी लोकअदालतीला आम्ही गेलोच. अप्पांच्या मुलाच्या बाइकवर हेल्मेटची काही चलानं साठली होती. तो बंगळुरात असतो, ती मिटवायची जबाबदारी बापावर. शिवाजीनगरच्या कोर्टात सकाळपासून ही रांग. ओळीत आमच्या पुढे एक पोरगा, कानात वायर, हातात चलानांची यादी. दहा-बारा असतील. ट्रिपल सीट, सिग्नल, वेग, पुन्हा वेग. रांग हलत नव्हती म्हणून त्याने मागे वळून विचारलं, “काका, तुमची किती?”

“मुलाची आहेत. माझं एकच होतं, वेगाचं. ते भरलं.”

“कधी?”

“आलं त्याच आठवड्यात.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

पोराने कानातली वायर काढली. त्याला मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. “काका,” तो म्हणाला, “पुढच्या वेळी एवढी घाई करू नका.”