दुभाष्या

माणसानं निवृत्त झाल्यावर काय करावं, याबद्दल आमच्या चौलात दोन मतं आहेत. एक मत असं, की पहाटे उठून रेवदंड्याच्या समुद्रावर फिरायला जावं आणि वाटेत भेटेल त्याला आपल्या रक्तातल्या साखरेचा आकडा सांगावा. दुसरं मत आमच्या सौ.चं. ते असं, की काय वाटेल ते करावं, पण घराबाहेर जाऊन करावं. मी ही दोन्ही मतं बाजूला ठेवली आणि वयाच्या सहासष्टाव्या वर्षी घरातच बसून कॉम्प्युटरला मराठी शिकवायला घेतलं.

आता, या वयात ही अवदसा का आठवली, ते सांगायला हवं. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ नावाचं चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरचा वारा म्हणजे काय, हे मी सांगण्यापेक्षा आमच्या पडवीचे पत्रे सांगतील; पण ते अजून सापडलेले नाहीत. वाडीतल्या पोफळी काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. माडांचं म्हणाल तर जे पडले ते पडले आणि जे राहिले ते शेंडीला तेल न लावलेल्या बटूसारखे विस्कटून उभे राहिले. आणि पत्र्यांच्या मागोमाग जो पाऊस घरात आला, त्यात वडिलांची वही भिजली.

ही वही म्हणजे वाडीची जन्मकुंडली. प्रत्येक माडाला नंबर, लावल्याचं साल, रोप कुठून आणलं, कुणाच्या हातानं लावलं, सगळं वडिलांनी शाईच्या पेनानं लिहून ठेवलेलं. भिजल्यावर पानोपानी नुसतं निळं आभाळ झालं. दुसरी प्रत एकच होती, ती आईच्या डोक्यात. आईचं वय तेव्हा सत्त्याऐंशी. ओटीवरच्या झोपाळ्यावरून उठून मागल्या वाडीत जाणं तिला जमत नाही. पण कुठला माड कुठल्या साली लावला हे तिला आपल्या मुलांच्या वाढदिवसांपेक्षा चांगलं आठवतं.

‘‘मामा, एक्सेलमध्ये टाक ना सगळं,’’ भाचा पुण्याहून फोनवर म्हणाला. त्यानंच आपला जुना लॅपटॉप मला दिला होता. पण चौकोनात आकडे भरण्यात माझी छत्तीस वर्षं गेली होती, निवृत्तीनंतरही तीच सजा भोगायची तयारी नव्हती. शिवाय आई चौकोनात बोलत नाही. ती विचारते. ‘‘आगरातला वाकडा कसा आहे रे?’’ असं ती विचारणार आणि त्याचं उत्तर तिला तिथल्या तिथे हवं. तेव्हा आम्हाला विचारलं की उत्तर देणारं यंत्र पाहिजे होतं.

‘‘म्हणजे तुला इंटरप्रिटर पाहिजे,’’ भाचा म्हणाला. ‘‘पायथनमध्ये लिही.’’

इंटरप्रिटर म्हणजे दुभाष्या. हा शब्द चौलाला परका नाही. एके काळी इथं मोठं बंदर होतं. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी घोडा घेऊन इथं उतरला होता. त्या घोड्याचा भाव कुणीतरी दुभाष्यानंच केला असणार. पुढे पोर्तुगीज आले, आणि खाडीपलीकडे कोर्लईत त्यांच्या भाषेतून निपजलेली बोली अजून बोलली जाते. तेव्हा एका दुभाष्याची भर पडली तर गावाला जड होणार नव्हतं.

पायथनला मात्र आईचा विरोध होता. ‘‘घरात साप नको,’’ ती म्हणाली. मी तिला समजावलं, की ही भाषा गिडो व्हॅन रॉसम नावाच्या एका डच माणसानं १९८९ सालच्या नाताळच्या सुटीत करायला घेतली, १९९१ साली जगाला दिली, आणि नाव ठेवलं ते एका विनोदी इंग्रजी टीव्ही मालिकेवरून. ‘‘नाताळच्या सुटीत?’’ आई म्हणाली, ‘‘आपल्याकडे त्या सुटीत माणसं येतात आणि वाळूत बाटल्या टाकून जातात.’’

भाच्यानं आधी तत्त्वज्ञान सांगितलं. भाषा समजणारे प्रोग्रॅम दोन प्रकारचे. कंपायलर हा बोर्डाच्या परीक्षकासारखा, अख्खा पेपर ताब्यात घेतो आणि मग निकाल लावतो. इंटरप्रिटर हा शिकवणीच्या मास्तरांसारखा, ओळ लिहिली की लगेच छडी. तो चार कामं करतो : समोरच्यानं लिहिलेलं वाचायचं, त्याचा अर्थ लावून हुकूम बजावायचा, उत्तर छापायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. लिस्प नावाच्या भाषेवर काम करणाऱ्या अमेरिकन मंडळींनी साठच्या दशकात ही रीत रुळवली म्हणे.

हे मी मोठ्या उत्साहानं सौ.ला सांगितलं. ती चहा गाळत होती. म्हणाली, ‘‘हे मी अडतीस वर्षं करतेय. तुम्ही ‘चहा’ म्हणता. मी ऐकते, अर्थ लावते, कप पुढ्यात ठेवते आणि पुढच्या हुकमाची वाट बघते. मला कुणी इंटरप्रिटर म्हटलं नाही.’’

मी कप उचलला आणि लॅपटॉपकडे वळलो.

पहिली ओळ लिहिली ती ‘व्हाइल ट्रू’. जोवर सत्य हे सत्य आहे तोवर चालू राहा, असा तिचा अर्थ. म्हणजे कायमचं. इतकं गांधीवादी वाक्य मी उभ्या नोकरीत लिहिलं नव्हतं. तिच्या खाली ‘इनपुट’. तिथे यंत्र थांबतं आणि चौकोनी डोळा मिचकावत माणसाची वाट पाहतं. त्याखाली, ‘मोज’ म्हटलं तर झाडं मोज, ‘दाखव’ म्हटलं तर झाड दाखव, असं जर-तरचं गुऱ्हाळ. पहिल्यांदा मी ‘मोज’ लिहिलं आणि त्यानं ‘०’ असं उत्तर दिलं, तेव्हा माझा कंठ दाटून आला. वाडीत शून्य माड होते, पण मराठीत होते!

हुकूम वाढत गेले तशी जर-तरची उतरंड डोक्यावर यायला लागली. मग भाच्यानं गौप्यस्फोट केला, की हे सगळं काम करणारा तयार मसाला पायथनच्या डब्यात असतोच. त्याचं नाव ‘सीएमडी’. आपण फक्त ‘डू’ला जोडून हुकमाचं नाव लिहायचं. ‘डू-मोज’, ‘डू-दाखव’, की झालं. हे त्यानं तीन आठवड्यांनी का सांगितलं, असं विचारल्यावर म्हणाला, ‘‘मामा, तू रमला होतास.’’

मी तयार मसाला आणला. ‘मोज’ लिहिलं. उत्तर आलं ते इंग्रजीत, तीन चांदण्या लावून : अननोन सिंटॅक्स! कालपर्यंत ज्याला मराठी येत होतं, तो आज चांगल्या मसाल्याच्या संगतीनं ओळख विसरला. चौकशी केल्यावर कळलं, की हुकमाच्या नावात कोणती अक्षरं चालतात याची या ‘सीएमडी’कडे एक यादी असते, आणि त्या यादीत इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे आणि एक खालची रेघ, एवढीच मंडळी. हरकत नाही. मी त्या यादीत ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळी मुळाक्षरं भरली आणि तो कुठवर वाचतो तेही छापायला लावलं. मग लिहिलं, ‘नारळ’.

यंत्रानं विचारलं, ‘‘‘न’ म्हणजे काय?’’

पुन्हा लिहिलं. पुन्हा ‘न’. नारळातला नुसता ‘न’ खाऊन तो थांबत होता. दोन दिवसांनी उलगडा झाला. कॉम्प्युटरच्या दरबारी ‘न’ हे अक्षर आहे, पण त्याला लागलेला काना हे अक्षर नाही. ते नुसतं चिन्ह! काना, मात्रा, वेलांटी, उकार, सगळ्यांची वर्गवारी वेगळी. शाळेत मास्तरांनी वेलांटी चुकली म्हणून माझे कान पिळले होते. आणि इथं वेलांटीला अक्षराचा मानसुद्धा नव्हता. मी ती सगळी चिन्हं एकेक करून यादीत बसवली. त्या रात्री ‘नारळ’ अख्खा गेला. गंमत म्हणजे ‘१२’ हा आपला मराठी आकडा त्यानं पहिल्या दिवसापासून बिनतक्रार बारा म्हणून घेतला होता. आकड्यांच्या बाबतीत यंत्रं उदार असतात, माणसांसारखी नसतात.

मग आई झोपाळ्यावर बसून सांगायला लागली आणि मी टिपायला लागलो. माड नंबर एक, तिच्या सासऱ्यांनी लावलेला. नंबर चार, वाकडा. नंबर नऊ, पाडेली पडला होता तो. असे एकेचाळीस माड. पोफळींचं खातं वेगळं. जे पडले त्यांच्यापुढे मी रात्री, आई झोपल्यावर, ‘पडला’ हा हुकूम देत असे.

एका सकाळी ‘मोज’ म्हटलं तर पडलेल्या पोफळींचा आकडा मूळ पोफळींपेक्षा सव्वीसनं जास्त! तपास करता कळलं, की या तयार मसाल्यात काही न लिहिता नुसतं एंटर दाबलं, तर तो आधीचाच हुकूम पुन्हा बजावतो. शेवटचा हुकूम होता ‘पोफळ पडली’, आणि सौ.नं सकाळी पदरानं लॅपटॉप पुसला होता. निसर्ग वादळाला जे तीन-चार तासांत साधलं नाही, ते तिच्या पदरानं चार सेकंदांत केलं. मी रिकाम्या एंटरला गप्प बसायला शिकवलं. सौ.ला शिकवायच्या फंदात पडलो नाही.

आता खरी अडचण सांगतो. माड नंबर सात. विहिरीकडचा. १९५४ साली, माझ्या जन्माच्या वर्षी, वडिलांनी लावलेला. वादळाच्या दिवशी तो विहिरीच्या कठड्यावर आडवा झाला. आईला मागलं दिसत नाही, म्हणून आम्ही सगळ्यांनी, न ठरवता, ठरवून टाकलं होतं की सांगायचं नाही. ती रोज विचारायची, ‘‘विहिरीकडचा?’’ आणि आम्ही रोज म्हणायचो, ‘‘आहे हो.’’

एके दिवशी ती म्हणाली, ‘‘उद्या मीच विचारीन तुझ्या दुभाष्याला.’’

त्या रात्री मी दोन ओळी लिहिल्या. ‘दाखव’ म्हटलं आणि नंबर सात असला, तर छाप : ‘उभा आहे.’ दोन ओळी. तीन आठवडे कान्या-मात्रांशी झगडलेल्या माणसाला खोटं बोलायला दोन मिनिटं पुरली.

दुसऱ्या दिवशी आई सुपाऱ्यांचं तबक घेऊन बसली. एक नंबरपासून विचारत गेली. मी टाइप करून उत्तर वाचायचं, आणि माड उभा असला की तिनं एक सुपारी बाजूला टाकायची. सातव्याला यंत्र म्हणालं, ‘उभा आहे’. आईनं सुपारी टाकली. एकेचाळीस झाल्यावर तिनं सुपाऱ्या मोजल्या. पंचवीस.

‘‘आता त्याला मोजायला सांग.’’

मी ‘मोज’ लिहिलं. यंत्रानं इमानदारीत छापलं : पडले १७, उभे २४.

आई बराच वेळ तबकाकडे बघत राहिली. मग त्यातली एक सुपारी उचलून तिनं माझ्या हातात ठेवली.

‘‘तुझ्या दुभाष्याला खोटं बोलता येत नाही नीट,’’ ती म्हणाली. ‘‘एका ठिकाणी बोललं की मग सगळीकडे बोलावं लागतं. आणि माड पडल्याचा आवाज मी त्याच दिवशी ऐकला होता. पोफळीचा वेगळा, माडाचा वेगळा. विहिरीवर पडल्याचा आणखी वेगळा. तुमच्यातलं कोण आधी सांगतंय, तेवढंच बघत होते.’’

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

‘‘आता त्याला सांग, लाव,’’ आई म्हणाली.

मी लिहिलं, ‘लाव’. उत्तर आलं, ‘समजलं नाही’. मोजायचा हुकूम होता, दाखवायचा होता, पडल्याची नोंद करायचा तर मी सगळ्यात निगुतीनं केला होता. लावायचा हुकूम लिहायचं मला सुचलंच नव्हतं.

त्या रात्री मी ते दोन ओळींचं खोटं खोडलं आणि ‘डू-लाव’ लिहिलं. सात नंबरच्या पडल्या नारळांतले दोन ओलीत ठेवले होते, त्यातल्या एकाला कोंब आला. २०२१ च्या मृगात विहिरीशेजारी आळं केलं आणि संध्याकाळी यंत्राला सांगितलं, ‘लाव ४२’. त्यानं छापलं, ‘लावला’.

बाणवली माडाला फळ धरायला सहा-सात वर्षं सहज लागतात. आई हिशेबाला पक्की आहे, तिनं तो विषय काढला नाही. दर रविवारी ती तबक घेऊन बसते आणि बेचाळीस नंबरला विचारायला लावते. ‘उभा आहे’, असं मी वाचतो. तरीही ती सौ.ला हाक मारते, ‘‘काय गं, खरं का?’’

सौ. आतून ‘‘खरं’’ म्हणते. मगच सुपारी पडते.