टाळकऱ्याच्या कानांनी कोल्डप्ले

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. पितृपक्ष चालू होता. वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातल्या केनवडमध्ये एका घरी आजोबांचं पान वाढायची तयारी चालली होती. त्यासाठी पुण्याहून आलेला नातू मात्र मोबाइल घेऊन गच्चीवर चढला होता, कारण खाली ओसरीवर रेंज टिकत नव्हती. दुपारी बाराला कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकीटविक्री सुरू झाली आणि पडद्यावर त्याचा रांगेतला नंबर उमटला. तो काही लाखांत होता. पुण्यातला, ठाण्यातला आणि नागपुरातला असे त्याचे तीन मित्र आपापल्या जागी तसेच चिकटून बसले होते. खालून आई हाका मारत होती. जेवणं उरकेपर्यंत १८ आणि १९ जानेवारीची तिकिटं संपली. तेवढ्यात २१ जानेवारीचा तिसरा कार्यक्रम जाहीर झाला आणि त्याची तिकिटं अखेर चौघांनाही मिळाली.

त्या दिवशी सुमारे १.३ कोटी लोकांनी तिकिटासाठी धडपड केली, असं विक्रेत्यांनीच नंतर सांगितलं. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची ती तिकिटं पुढे काळ्या बाजारात कितीतरी पटींनी विकली जाऊ लागली आणि तक्रारी मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत पोचल्या. या गदारोळावर तेव्हा भरपूर लिहून आलं. हाच बँड दुसऱ्यांदा ऐकण्यासाठी त्या रांगेत उभे राहिलेल्यांविषयी मात्र फारसं कुणी लिहिलं नाही. खरं तर सांगण्यासारखं त्यांच्याकडेच जास्त होतं.

कारण हा बँड मुंबईकरांनी, आणि मुंबई गाठू शकलेल्या बाकीच्या महाराष्ट्राने, आधी एकदा ऐकला होता. १९ नोव्हेंबर २०१६, वांद्रे-कुर्ला संकुलातलं एमएमआरडीएचं मैदान, ग्लोबल सिटिझन फेस्टिव्हल. नोटाबंदी होऊन अकराच दिवस झाले होते. एटीएमपुढे रांगा होत्या आणि खिशात चालणारी नोट असणं हीच श्रीमंती होती. केनवडचा हा मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला होता. हॉस्टेलच्या मित्रांबरोबर तो दुपारपासून मैदानात उभा राहिला. बँड मंचावर आला तो रात्री. ए. आर. रहमान त्यांच्यासोबत गायला उभे राहिले तेव्हा पुढची गर्दी एवढी उसळली, की त्याला मंच दिसलाच नाही, फक्त ऐकू आलं. घरी त्याने मुंबईला ‘कामासाठी’ जातोय एवढंच सांगितलं होतं.

पहिल्यांदा ऐकणं हे असं असतं. आपण आणि गाणं, मध्ये कुणी नको. त्या वयाला ते शोभतंही. दुसऱ्यांदा जाताना त्याच माणसाला वाटतं, की आपल्याला काय ऐकू येतं ते घरच्यांनाही ऐकू यावं. त्याने चार तिकिटं घेतली ती आई, बाबा, धाकटी बहीण आणि स्वतःसाठी. तिन्ही मित्रांनीही आपापली माणसं आणायचं ठरवलं.

दुसऱ्यांदा ऐकण्याचा हा अनुभव मुंबईच्या आधीच्या पिढीने घेतलेला आहे. १९८६ साली फरहाद वाडिया यांनी सुरू केलेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ धोबीतलावच्या रंगभवनात भरायचा. पोरं त्याला आय-रॉक म्हणत. त्या मंचावर गाजलेला रॉक मशीन हा बँड १९९३ मध्ये इंडस क्रीड झाला. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. १९९७ मध्ये ते थांबले, २०१० मध्ये पुन्हा एकत्र आले आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम घेऊन आले. रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमात अडकून कधीच बंद पडलं होतं. बराच काळ थांबलेला आय-रॉक नोव्हेंबर २०२२ मध्ये माझगावात पुन्हा भरला आणि इंडस क्रीड त्यात वाजले. ज्यांनी कॉलेजला दांडी मारून रंगभवन गाठलं होतं, त्यांची मुलं आता कॉलेजात आहेत. बँड परत येतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या आयुष्यात मध्ये काय काय घडून गेलं, याचाही हिशेब त्याच्यासोबत येतो. म्हणून पुनरागमनाच्या कार्यक्रमात लोक रडतात. ते रडणं खरं असतं.

आता पुन्हा केनवडकडे. हे वाशिम जिल्ह्यातल्याच मालेगावहून मेहकरला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. जानेवारीत तूर काढून झालेली असते, हरभरा उभा असतो, चार दिवस घराबाहेर पडायला शेतकऱ्याला जरा सवड असते. समृद्धी महामार्ग तेव्हा इगतपुरीपर्यंत खुला झाला होता, तिथून पुढे कसारा घाट. चारशेहून जास्त किलोमीटरचा हा प्रवास कुटुंबाने एका गाडीत केला. आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू बांधून घेतले होते. बाहेरचं खाणं स्टेडियममध्ये चालणार नाही हे बहिणीने आधीच वाचलं होतं. म्हणून नेरूळला गाडी लावली आणि तिथेच डिकी उघडून चार कुटुंबं जेवली. नागपूरच्या मित्राच्या आईने संत्री आणली होती.

डी. वाय. पाटील स्टेडियमच्या दारात प्रत्येकाच्या मनगटावर एक पांढरा पट्टा आला. दिसायला घड्याळासारखा, पण काटे नाहीत, आत एलईडी दिवे. वनस्पतीपासून बनवलेल्या, मातीत विरून जाऊ शकणाऱ्या पदार्थाचे हे पट्टे असतात आणि जाताना परत करायचे असतात. ते दुरून नियंत्रित होतात. कुणाच्या हातावर कोणता रंग कधी लागायचा, हे त्या माणसाच्या हाती नसतं. नांगराचं रुमणं आणि भजनातला टाळ धरून धरून रापलेल्या बाबांच्या मनगटावर तो पट्टा जरा घट्टच बसला. अंधार पडला, पहिलं गाणं सुरू झालं आणि हजारो हात एकदम लाल झाले. बाबांनी आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग समोरच्या गॅलरीकडे, मग आईच्या हाताकडे. तिघींकडे तोच रंग होता: बायको, मुलगी आणि पलीकडे बसलेली एक अनोळखी मुलगी.

या बँडमधली चारही माणसं पहिल्या अल्बमपासून तीच आहेत. ख्रिस मार्टिन, जॉनी बकलँड, गाय बेरिमन, विल चॅम्पियन. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ती भेटली आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून एकत्र वाजवताहेत. रॉकच्या दुनियेत हे दुर्मीळ आहे. ‘यलो’ २००० सालचं, ‘फिक्स यू’ २००५ चं. म्हणजे मुलगा केनवडच्या शाळेत पाढे म्हणत होता तेव्हापासूनची ही गाणी.

बाबांना इंग्रजी येत नाही. त्यांचं काय होणार, ही मुलाची खरी काळजी होती. ‘व्हिवा ला व्हिडा’ आलं तेव्हा ती मिटली. त्या गाण्यात एक ओळ आहे तिला शब्दच नाहीत, नुसता स्वर आहे, आणि सगळं स्टेडियम ती घेतं. बाबांनी पहिलं आवर्तन ऐकून घेतलं. दुसऱ्या आवर्तनाला ते अचूक जागी आत शिरले. एकादशीच्या भजनात वर्षानुवर्षं टाळ धरलेला माणूस तो. बुवांनी चरण म्हटला की तो उचलायचा कुठे, सोडायचा कुठे, हे त्याला शिकवावं लागत नाही. मार्टिन जेव्हा गाणं थांबवून लोकांकडे द्यायचा, तेव्हा जे चालायचं ते बाबांच्या पूर्ण ओळखीचं होतं. पुढे ‘अ स्काय फुल ऑफ स्टार्स’ आलं. त्या गाण्याला हा गायक जगभर फोन खिशात ठेवायला सांगतो. बाबांचा फोन संध्याकाळभर खिशातच होता. ते मुलाकडे वाकून म्हणाले, “एवढ्या लोकाइले एकच गाणं पाठ हाय, हे काई साधी गोष्ट नाई, लेका.”

कोल्डप्लेच्या समीक्षकांनी त्यांच्या सोप्या, सर्वांना घेता येणाऱ्या स्वरओळींना नावं ठेवली आहेत. केनवडच्या टाळकऱ्याने त्या ओळींचं जे केलं, ते पाहता ती टीका मान्य करता येत नाही. हजारोंनी मिळून म्हणायची ओळ सोपीच लागते. वारकरी परंपरेने हे फार आधी ओळखलं. शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी दरवर्षी वाशिम जिल्ह्यातून जाते, तेव्हा रस्त्याकडेला उभे असलेले लोक काही नवं ऐकायला आलेले नसतात. मागच्या वर्षी ऐकलेलंच त्यांना पुन्हा ऐकायचं असतं, यंदा घरातल्या नव्या सुनेला सोबत घेऊन, नातवाला खांद्यावर बसवून.

हे दोन्ही एकत्र आणणारी मंडळी मराठीत आहेत. ‘अभंग रिपोस्ट’ हा बँड गिटार आणि ड्रम्सच्या साथीने संतांचे अभंग गातो, आणि तरुण पोरं ते उभं राहून म्हणतात. त्या कार्यक्रमात केनवडचे बाबा आणि त्यांचा मुलगा, दोघांनाही शब्द येतील. पण असे कार्यक्रम बहुधा मुंबई, पुणे, फार तर नागपूर-नाशिकला होतात. रिसोडच्या माणसाने ऐकायचं तर पुन्हा गाडी, पुन्हा शिदोरी, पुन्हा सुट्टी. चार जणांचा तो खर्च प्रत्येक घराला झेपणारा नाही, हेही सांगितलं पाहिजे. त्या रात्री नेरूळमध्ये केनवडचं एक घर होतं. गावातली बाकीची अनेक घरं तिकिटाच्या आकड्यापाशीच थांबली असती.

तमाशाचे फड आणि ऑर्केस्ट्रा कित्येक दशकं ट्रकमध्ये सामान भरून तालुक्या-तालुक्याला जात आले. रॉक बँडला ते अशक्य नाही. ५ जून २०२५ रोजी समृद्धीचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता तयार झाला. नागपूरच्या कार्यक्रमाला निघालेली ध्वनियंत्रणेची गाडी आता वाशिम जिल्ह्यातूनच पुढे जाते. तेव्हा मराठी बँडच्या मंडळींना आणि आयोजकांना एक विनंती: पुढच्या हिवाळ्यात, तूर निघाल्यावर, मालेगावला खाली उतरा आणि वाशिम किंवा रिसोडला एक रात्र ठेवा. तिकीट दोनशे रुपयांच्या आत ठेवा, आणि दोन वर्षांनी पुन्हा या.