आईने पाहिलेले कारंजे

आमच्या घरी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली खिळ्याला एक रंगीत कार्ड लटकत असे. माझे चुलते मुंबईला गिरणीत होते. रात्रपाळी करून सकाळी सिद्धार्थ कॉलेजात जायचे. त्यांनीच ते पाठवलेले. चित्र होते फ्लोरा फाउंटनचे. दगड गुलाबी, आभाळ गर्द निळे, पाणी हिरवे. छापणाऱ्याने हाताला येईल तो रंग दिलेला असावा.

कार्ड आले ते १९७२ च्या दुष्काळात. आम्ही मूळचे खटाव तालुक्यातले. आई नुकतीच लग्न होऊन आलेली आणि आल्या आल्या पाझर तलावाच्या कामावर लागलेली. दिवसभर मातीच्या पाट्या वाहायच्या, दुपारी सुकडी खायची आणि संध्याकाळी घागर घेऊन विहिरीपाशी उभे राहायचे. आमच्या वस्तीतल्या बायांनी विहिरीला हात लावायचा नाही. कोणाला दया आली तर तो वरून ओतणार, नाहीतर रिकामी घागर परत. अशा दिवसांत ते कार्ड पाहून आईने विचारले होते म्हणे, "तिथं पाणी लई झालंय म्हणून वर फेकत्यात काय?"

हा प्रश्न आमच्या घरात पन्नास वर्षे थट्टेवारी चालला. पण आईच्या मनातून तो गेला नव्हता. दरवर्षी ६ डिसेंबरला ती चैत्यभूमीला येते, रांगेत उभी राहते, दर्शन घेते आणि रात्रीच्या गाडीने परत. दादरच्या पुढची मुंबई तिने पाहिलीच नव्हती. दोन वर्षांपूर्वी म्हणाली, "गुडघं हायेत तवर त्ये कार्डावरचं दाव." थोरली बहीण सांगलीहून आली. ७ तारखेला सकाळी आम्ही तिघे सी.एस.टी.ला उतरलो आणि दादाभाई नौरोजी रस्त्याने चालू लागलो.

वाटेत बुद्ध भवन आणि आनंद भवन लागले. हेच १९४६ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सुरू केलेले सिद्धार्थ कॉलेज. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी तिथे सकाळी वर्ग भरत. आई थांबली. "भाऊजी कुठल्या खिडकीत बसायचे?" हे मला कोठून ठाऊक असणार? मी आपली एक खिडकी दाखवली. तिने त्या खिडकीला हात जोडले. मी ओशाळलो, पण आता काय सांगणार!

आणि मग रस्ता संपतो तिथे ते कारंजे समोर आले.

कार्डातला एकही रंग त्याला नव्हता. दगड फिकट, बदामी. वर फुलांची रोमन देवता फ्लोरा उभी, खाली शिंपले, मासे, आणखी मूर्ती आणि त्यांच्यामधून उतरणारे पाणी. ताई म्हणाली, "रंग उडाला वाटतं." खरे तर रंग उडाला नव्हता, काढला होता. मधल्या काळात कोणी या दगडावर ऑइलपेंटचे थरावर थर चढवले होते. नक्षी बुजली, दगड खराब होऊ लागला. मुंबई महापालिकेने दुरुस्ती काढली, तेव्हा ते थर उतरवून खालचा दगड मोकळा केला. भोवती खोदताना जुन्या ट्रामच्या मार्गाचे दगडही सापडले. २०१९ च्या जानेवारीत कारंजे पुन्हा सुरू झाले.

मी कारकून माणूस. खर्चाचा आकडा कळल्याशिवाय मला वस्तू दिसत नाही. म्हणून आधी वाचून गेलो होतो. हे कारंजे १८६४ चे. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ या इंग्रजाचा, शिल्पकाम जेम्स फोर्सिथचे, दगड पोर्टलँडचा, साहेबाच्या देशातून आणलेला. खर्च ४७ हजार रुपये. त्यातले २० हजार कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी दिले. बसणार होते भायखळ्याच्या राणीच्या बागेत, नाव पडणार होते गव्हर्नर फ्रियरचे. पण किल्ल्याची भिंत पाडली आणि चर्चगेटच्या जागी ते इथे आले. गव्हर्नर राहिले बाजूला, नाव लागले फ्लोराचे.

एवढे सांगून मी थांबायला हवे होते. पण कार्यकर्त्याची सवय! मी सुरू केले. हे कारंजे उडू लागल्यावर चारच वर्षांनी, १८६८ साली, आपल्या कटगुणच्या गोऱ्हे-फुले घराण्यातल्या जोतीरावांना पुण्यात स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करावा लागला. १९०१ साली सुभेदार रामजी गोरेगावला दुष्काळी तलावाच्या खोदकामावर रोखपाल होते. त्यांना भेटायला छोटा भीम भावंडांबरोबर साताऱ्याहून निघाला. मसूर स्टेशनपासून पुढे बैलगाडी. डब्यात जेवण होते, पण पाणी देणारा कोणी भेटला नाही. तलावाचा हिशेब लिहिणाऱ्याची पोरे रात्रभर तहानेली राहिली. पुढे तेच बाबासाहेब याच मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले, १९१८ साली. आम्ही बी.कॉम. झालेले लोक त्या कॉलेजचे नाव आदराने घेतो. तिथेही त्यांनी प्रोफेसरांच्या भांड्यातले पाणी प्यायला बरोबरच्यांनी हरकत घेतली...

"आरं, त्ये मला ठावं हाय," आई म्हणाली. "मला जरा बघू दे की."

मी गप्प बसलो. ताई तोंडावर पदर घेऊन हसत होती. तिला बाजूचे हुतात्मा स्मारक पाहायचे होते, मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. संयुक्त महाराष्ट्रासाठी इथेच २१ नोव्हेंबर १९५५ ला गोळीबार झाला. वाळव्याचे अण्णा भाऊ साठे त्या लढ्याचे शाहीर, म्हणून सांगलीकरांना ही जागा घरची वाटते. ती तिकडे गेली. आई मात्र हलली नाही.

बऱ्याच वेळाने तिने विचारले, "ह्ये पाणी जातंय कुठं?"

मी सांगितले, कारंज्यात तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. पुन्हा खाली पडते, पुन्हा वर.

"म्हंजी वाया जात न्हाई?"

"फारसं नाही."

पन्नास वर्षांच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच निघाले. तिचा चेहरा उजळला. मग ती माझ्याकडे वळली. "मग त्या टायमाला तू अर्ज का केलतास?"

मला घाम फुटला. आमच्या भागातल्या एका नगरपालिकेने काही वर्षांपूर्वी चौकात रंगीत दिव्यांचे कारंजे बसवायचे ठरवले होते. आमच्या वस्तीत तेव्हा एक दिवसाआड नळ यायचा. मी शंभर सह्या गोळा करून विरोधाचा अर्ज दिला. पहिला अंगठा आईचाच होता. कारंजे रद्द झाले. त्याचा पैसा आमच्या नळालाही आला नाही, तो भाग वेगळा.

"नळ आधी पाहिजे होता, आई."

"नळ पायजेच. पर त्ये कारंजं आपल्याच वस्तीत बसवा म्हनून अर्ज केला असतास तर?"

काय बोलणार? गेली वीस-बावीस वर्षे मी अर्ज लिहितो आहे. नळासाठी, शौचालयासाठी, समाजमंदिराच्या पत्र्यांसाठी, दाखल्यांसाठी. नुसते बघत बसावे अशी एखादी वस्तू आपल्या वस्तीसाठी मागावी, असे मला कधी सुचले नव्हते.

ताई परत आली तेव्हा आईने फोटो काढायला लावला. पदर नीट केला, चष्मा काढून हातात घेतला आणि ताईला बजावले, "बाई न्हाई आली तरी चालंल, पाणी येऊ दे." फोटोत फ्लोराचे डोके कापले गेले आहे. पाणी मात्र पुरते आले आहे.

तो फोटो आता जुन्या कार्डाशेजारी त्याच खिळ्याला आहे. खिळा लहान पडतो. दुसरा ठोकायचा आहे.