झिजलेले ब्रेक आणि अनुमान

कारणावांचून कार्य होत नाहीं, हें न्यायशास्त्राचें पहिलें पाऊल घरोघरीं मान्य असतें. परंतु कार्य दिसतांच जवळ सांपडेल त्या माणसास कारण ठरवूं नये, हें दुसरें पाऊल उचलण्यास फारसें कोणी तयार नसतें. तीस वर्षें संस्कृत शिकवितांना धूर आणि अग्नि यांचें उदाहरण मीं किती वेळां फळ्यावर लिहिलें असेल, त्याची गणती नाहीं. गेल्या वर्षीं मात्र धूर-अग्नींच्या जागीं मोटारीचे ब्रेक आले, आणि त्या अनुमानावर आमच्या घरांतील एका व्यक्तीचा मान अवलंबून राहिला.

आमचें बिऱ्हाड वाईस. घरांत माणसें नऊ आणि मोटार एक. तीहि तेव्हां अवघ्या चौदा महिन्यांची. सूनबाई पांचगणीच्या एका शाळेंत शिकविते. त्यामुळें पसरणीचा घाट रोज चढणें-उतरणें तिच्याकडे. मोटारीनें ११ हजार किलोमीटर पुरे केले न केले, तोंच पुढच्या चाकांतून लोखंडावर लोखंड घासल्याचा कर्कश आवाज येऊं लागला. वर्कशॉपवाल्यांनीं एक चाक काढून पाहिलें आणि निकाल दिला, “पॅड संपले. बाई गाडी चालवितात ना? ब्रेकवर पाय ठेवून चालवायची संवय असणार.”

हा निकाल घरीं येऊन पोंचला. आमचे वडील बंधू अण्णा जेवतांना एवढेंच म्हणाले, “एस्. टी. काय वाईट होती?” सूनबाईनें उत्तर केलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं मोटारीची किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर होती आणि ती सकाळच्या एस्. टी.नें निघून गेली होती. असे चार दिवस गेले.

ज्या गियरमध्यें घाट चढावा त्याच गियरमध्यें उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम ती पाळते, हें मीं शेजारीं बसून पाहिलें होतें. परंतु सासऱ्याची माया हें कांहीं प्रमाण नव्हे. म्हणून मी वर्कशॉपांत गेलों आणि विनंति केली कीं, चारहि चाकें काढून मला दाखवा.

घाटानें ब्रेक झिजतात, हें खोटें नाहीं. ब्रेक म्हणजे गतीचें उष्णतेंत रूपांतर करणारें साधन. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती दोन बाजूंनीं दोन पॅड चिमटींत धरतात आणि त्या घर्षणानें वेग कमी होतो. वेग दुप्पट झाला कीं ही उष्णता चौपट होते. पांचगणीहून वाईस येतांना मोटार सुमारें ५५० मीटर खालीं उतरते. माणसांसह १,२०० किलोंची मोटार एवढी उतरतांना जी ऊर्जा सुटते, तिनें सुमारें २० लिटर पाणी उकळूं लागेल. ताशीं ६० किलोमीटर वेगानें धांवणारी मोटार ३८ वेळां उभी करण्याइतकी ती होते. खालच्या गियरमध्यें उतरल्यास यांतील बराच भार इंजिन उचलतें. न्यूट्रलमध्यें उतरल्यास तो जवळजवळ सगळा ब्रेकवर पडतो.

पण येथेंच अन्वय-व्यतिरेक लावून पाहावा. पायाचा दाब ब्रेक-ऑइलमधून चाकांकडे जातो. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल (१६२३-१६६२) याचा सिद्धांत शाळेंतील मुलांनाहि पाठ असतो. अर्थात् दोष पायाचा असेल, तर पुढचीं डावें-उजवें दोन्ही चाकें सारखींच झिजलीं पाहिजेत. पायाला डावें-उजवें निवडतां येत नाहीं.

चाकें निघालीं. उजव्या चाकाच्या दोन्ही पॅडवर ६-६ मिलिमीटर थर शिल्लक होता. घाटाच्या मानानें ती झीज वाजवी. डाव्या चाकाचा बाहेरचा पॅड ५ मिलिमीटर, आणि आंतला मात्र पार पत्र्यापर्यंत गेलेला! तेथील म्हाताऱ्या मिस्त्रीनें कॅलिपर हातानें हलवून पाहिला, तो हलेना. कॅलिपर दोन पिनांवर मोकळा सरकावा लागतो. तसा सरकला तरच दोन्ही पॅड सारखे दाबले जातात आणि पाय काढतांच सैल होतात. येथें एका पिनेचें रबरी टोपण फाटून आंत पाणी शिरलें होतें, ग्रीस वाळलें होतें आणि पीन गंजून धरली होती. पाय ब्रेकवर नसतांनाहि आंतला पॅड रात्रंदिवस चकतीला घासत होता.

कंपनीनें कॅलिपर हमींत बदलून दिला. पॅडचे पैसे, तो झिजणारा भाग म्हणून, आम्हांसच भरावे लागले. मीं तक्रार केली नाहीं. जुने चारहि पॅड कागदांत गुंडाळून घरीं आणले आणि रात्रीं अण्णांपुढें ओळीनें मांडले. अण्णा हिशेब-खात्यांत आयुष्य घालविलेले. त्यांनीं प्रत्येक पॅड बोटानें चांचपला, चष्मा पुसला आणि हांक मारली, “सूनबाई, उद्यां मला बँकेंत जायचें आहे. शाळेंत जातांना गाडींतून सोडशील ना?” मोठ्यांची क्षमायाचना आमच्या घरांत अशीच असते, आणि ती तिला पुरली.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं मोटार आहे, त्यांनीं सर्व्हिसिंगच्या वेळीं चाकें काढवून आंतला आणि बाहेरचा असे दोन्ही पॅड पाहावेत. बाहेरचाच दिसतो, म्हणून तोच पाहिला जातो. लांबच्या प्रवासानंतर चाकाजवळ, स्पर्श न करतां, हात न्यावा. एकच चाक इतरांहून तापलेलें असेल, जळका वास येत असेल किंवा गाडी एका बाजूस ओढत असेल, तर पावसाळ्याची वाट न पाहतां पिना साफ करवून घ्याव्या. ब्रेक-ऑइल हवेंतील ओलावा शोषतें, म्हणून तेंहि बहुधा दोन वर्षांनीं बदलावें लागतें. आणि ‘चालविणाऱ्याची संवय’ असा निकाल कोणी दिलाच, तर तो घरीं नेण्यापूर्वीं दुसरें चाक काढावयास सांगावें.