एकाच डब्यावर चाललेले घर

आषाढी वारीत आपण कधी चालला असाल, किंवा रस्त्याच्या कडेला उभे राहून ती पाहिली असेल, तर दिंड्यांचे ट्रक आपल्या ध्यानात असतील. हौद्यावर ताडपत्री, आत फळ्यांचा माळा, माळ्यावर वळकट्या, खाली धान्याची पोती आणि मागच्या फाळक्याशी स्वयंपाकाचे सामान. ‘मोटारघर’ हा शब्द अलीकडे पर्यटनाच्या एका जाहिरातीत वाचला, तेव्हा मला हेच ट्रक आठवले. आमच्या दिंडीचा ट्रक सोलापुराहून आळंदीला जाई आणि पंढरपूर येईपर्यंत आमचे घर होई.

या घराची व्यवस्था माझ्या वडिलांकडे होती. ते गिरणीत कामाला होते. यंत्राला काय लागते हे आधी पाहावयाचे, ही त्यांची सवय. ट्रकात एकच इंधन ठेवावयाचे, असे त्यांनी ठरविले होते. ते म्हणजे रॉकेल. साठा एक, माप एक, नरसाळे एक.

या निर्णयामागे शहाणपण होते. हवा भरायचा स्टोव्ह आणि गॅसबत्ती ही सख्खी भावंडे आहेत. टाकीत पंपाने हवा भरली की दाबलेले रॉकेल नळीतून वर चढते, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. स्टोव्हवर ती ज्योत पातेले तापविते. बत्तीत तीच ज्योत जाळीला तापवून पांढरीशुभ्र करते. असा स्टोव्ह स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट यांनी 1892 च्या सुमारास घडविला. तो आपल्या स्वयंपाकघरांत असा रुळला की पिन मारणे हा मराठी संसाराचाच भाग झाला. आपणांपैकी अनेकांनी ती मारली असेल.

1990 च्या वारीत आमच्याकडे एक लहान जनरेटर आला. तो पेट्रोलवर सुरू करावयाचा आणि तापला की रॉकेलवर वळवावयाचा. कीर्तनाला ध्वनिक्षेपक मिळाला, राहुटीत दिवे लागले. “भाकरीही रॉकेलची आणि उजेडही रॉकेलचा,” असे वडील आल्यागेल्यास सांगत. जनरेटर सुरू करण्यापुरते पेट्रोल एका लहान डब्यात असे. ते त्यांच्या हिशेबात नव्हते.

नातेपुते हा माउलींच्या पालखीचा सोलापूर जिल्ह्यातील पहिला मुक्काम. त्या रात्री पावसाची भुरभुर होती. जनरेटरमधील रॉकेल संपले आणि सगळे दिवे एकदम गेले. फाळक्याशी दोन स्टोव्ह होते; एक पेटलेला, दुसरा रिकामा. रॉकेल आणण्यास वडिलांनी मला ट्रकात धाडले. मी तेरा वर्षांचा होतो. शिधापत्रिकेवरचे रॉकेल निळे असे, परंतु निळेपण ओळखण्यासही उजेड लागतो. हाताला लागला तो डबा मी उचलला.

स्वयंपाक पाहणाऱ्या काकूंनी रिकाम्या स्टोव्हला नरसाळे लावले, डबा कलता केला आणि मध्येच थांबल्या. “हे रॉकेल न्हवं रं. वास बघ.”

पेटलेला स्टोव्ह हातभर अंतरावर होता. रॉकेल थंड असताना सहजी पेट घेत नाही; त्याला आधी तापवावे लागते. पेट्रोलची वाफ मात्र उघड्या तोंडातून आपोआप निघते, जमिनीलगत पसरते आणि ज्योतीपर्यंत स्वतः चालत जाते. हे मला पुढे शाळेत कळले. काकूंना ते नाकाने कळले होते.

वडील काही बोलले नाहीत. त्यांनी पेटलेला स्टोव्ह विझविला, डबा शेताच्या बांधापर्यंत नेऊन ठेवला आणि परत येऊन हात धुतले. पिठले-भात वाढण्यास मध्यरात्र झाली. सकाळी त्यांनी फाळक्याच्या बाहेरून एक आकडा ठोकला, पेट्रोलच्या डब्याला तांबडे फडके बांधले आणि तो तेथे टांगला. एकाच इंधनाची गोष्ट त्यानंतर त्यांच्या तोंडून मी ऐकली नाही.

आता आमच्या दिंडीत गॅसची टाकी आहे आणि दिव्यांसाठी बॅटरी. गॅस हवेहून जड. गळला तर हौद्याच्या तळाशी साचून राहतो. म्हणून शेगडी ट्रकाबाहेर मांडतात. मी गेल्या वर्षी मुद्दाम पाहून आलो. आकडा अजून आहे. त्याला बादली अडकवितात.