नांगर टाकायला जागा

किनारा दिसला की समुद्रप्रवासाचा धोका संपला, असे आम्हा डोंगरकडेच्या माणसांना वाटते. वास्तविक गलबताची खरी कसोटी तेथेच असते. खडक कोठे, गाळ कोठे, भरती केव्हा, हे परक्याला ठाऊक नसते. त्याला धक्क्यापर्यंत नेणारा स्थानिक हात लागतो.

पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात दोन बंदरांची दोन रूपे आढळतात. भडोचला नर्मदेच्या मुखाशी राजाच्या सेवेतील कोळी आपल्या होड्या घेऊन सामोरे जात, भरतीबरोबर परदेशी गलबते आत आणीत आणि ठरलेल्या जागी नांगरून देत. कल्याणला मात्र त्या काळी अटकाव होता; तेथे लागलेले ग्रीक गलबत पहाऱ्यात भडोचला नेले जाण्याची भीती असे.

कोकणातील बंदरांचा माल घाटमाथ्यावर चढे तो आपल्या नाणेघाटाने. मालाबरोबर माणसेही आली असतील. जुन्नरभोवतीच्या लेण्यांत तिघा यवनांचे दानलेख ब्राह्मी लिपीत कोरलेले आहेत. ‘यवन’ हा शब्द मुळात ग्रीकांसाठी होता. इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली, चिटाने संघासाठी भोजनमंडप दिला आणि चंदाने लेण्याचे गर्भद्वार. या दानांचे मला नेहमी नवल वाटते. पाणी, जेवणाची जागा आणि दार! दुरून आलेल्या माणसाला प्रथम याच गोष्टी हव्या असतात. संत पौलाचे तारू मिलिता बेटाशी, म्हणजे आजच्या माल्टाशी, फुटले तेव्हा तेथील लोकांनी पाऊस आणि गारठा पाहून शेकोटी पेटवली, तीही याच जातीची भेट.

आज जुन्नर-आंबेगावात यवन येत नाहीत. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजूर मुलाबाळांसह येतात. फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. पाणी लांब, कोपीला धड दार नाही आणि उसात बिबट्याचा वावर. धर्मग्रामातील घरांना भेटी देत फिरताना या कोप्या मला दिसतात आणि ती तीन दाने आठवतात.

आपल्यापैकी अनेकांचे वाडवडीलही पोटासाठी गाव सोडून निघाले होते आणि कोणीतरी त्यांना ओसरी दिली होती. म्हणून एकच विनंती. येत्या हंगामात आपल्या बांधालगत कोपी उभी राहिली, तर ‘पाणी कोठून आणता?’ एवढे त्या माउलीला विचारावे. पुढे काय करायचे, ते तिच्या उत्तरातून कळेल.