एका भिंगाचा संसार

एकाच माणसानें सर्व कामें उरकावीं, ही अपेक्षा आपल्या एकत्र कुटुंबांत नवी नाहीं. तीच अपेक्षा आम्हीं कॅमेऱ्याच्या एका भिंगाकडून केली. तिचें फळ काय मिळालें, तें येथें सांगणार आहों.

ज्यास सुपरझूम म्हणतात, तें हें भिंग. साधारण झूम भिंग तीन-चार पटींच्या आंत आपला संसार आटोपतें. हें मात्र १८ मिलिमीटरपासून २०० पर्यंत, म्हणजे सुमारें अकरा पट, हात पसरतें. टॅमरॉन कंपनीनें १९९२ सालीं २८ ते २०० मिलिमीटरचें भिंग काढलें, आणि २०१७ सालीं १८ ते ४०० पर्यंत मजल नेली. सबंध पंगत एका चित्रांत घ्यावी, आणि जागचें न हलतां पंगतीच्या टोंकाचा एकच चेहरा टिपावा, हें अशाच भिंगास साधतें. शिवाय तें वारंवार काढावें लागत नसल्यानें कॅमेऱ्याच्या आंत धूळ शिरण्याची भीतिही कमी.

थोरल्या बंधूंच्या चिरंजीवांच्या मुंजीस आम्ही हें एकच भिंग घेऊन उभे होतों. मातृभोजनाच्या वेळीं वहिनींनीं बटूस घांस भरविला, आणि त्यांचे डोळे भरून आले. मध्यें वीस-पंचवीस माणसें. पुढें जाण्यास वाट नाहीं, भिंग बदलण्यास वेळ नाहीं. आम्हीं भिंगाचें वळें फिरविलें आणि तो क्षण हातीं लागला. तें चित्र आज आमच्या दिवाणखान्यांत लाविलेलें आहे.

सायंकाळीं भिक्षावळ झाली, ती माजघरांत, समईच्या उजेडांत. वृद्ध मातोश्रींनीं थरथरत्या हातानें नातवाच्या झोळींत लाडू घातला. आम्हीं दाराशींच उभे राहून भिंग लांबविलें. लांबविल्यावर ह्या भिंगाचें छिद्र एफ ५.६ हून मोठें होत नाहीं. ३५ मिलिमीटरच्या साध्या एफ १.८ भिंगांतून त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आंत येतो. म्हणजे त्यास जेथें सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, तेथें आमच्या भिंगास दहावा भाग लागणार. भिंगांत कंपरोधक यंत्रणा होती. परंतु ती चित्र घेणाऱ्याच्या हाताचा कंप सांवरते, मातोश्रींच्या हाताचा नव्हे. चित्र पुसट आलें. दोन महिन्यांनीं मातोश्री गेल्या. त्यांचें तें शेवटचें चित्र.

दोष भिंगाचा म्हणावा, तर तो त्याच्या गुणाचीच दुसरी बाजू आहे. एवढा पल्ला सांभाळावयाचा म्हणजे आंतील कांचांस तडजोड करावी लागते. रुंद टोंकास सरळ खांब बाहेर फुगतात, लांब टोंकास आंत वळतात, आणि चित्राची रेखीवता उणी होते. वांकडे खांब संगणकावर सरळ करतां येतात. न आलेला प्रकाश मागाहून आणतां येत नाहीं.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच, कीं प्रवासांत व दिवसाउजेडीं हें भिंग खुशाल वापरावें. मात्र पिशवींत ३५ चें तें लहान भिंगही असूं द्यावें, आणि दिवे लागले कीं तें चढवून माणसाच्या जवळ जावें. त्या सायंकाळीं आम्ही दाराशींच राहिलों, कारण जवळ जाण्याची गरज भिंगानें उरूं दिली नव्हती. चार पावलें पुढें गेलों असतों, तर मातोश्रींनीं एक लाडू आमच्याही हातावर ठेविला असता.